मिशिगनचे चोवीस तास आणि आपला फॉर्म सी

निंबोणी (नोव्हाय, मिशिगन), १५ मे २०२५

परवा १३ मेला मिशिगनच्या कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये न्यायाधीश सीमा पटेल यांनी निकाल दिला. गर्भपाताआधी चोवीस तास थांबायची सक्ती गेली, सरकारने ठरवून दिलेली माहिती वाचायची सक्तीही गेली. २०२४ च्या जूनपासून स्थगिती होतीच, आता कायमची. जेवणाच्या सुट्टीत बातमी वाचली आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या मुलांच्या जुन्या रिपोर्टकार्डांची फाइल काढली. तिच्या मागच्या कप्प्यात एक कागद आहे. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली आहे: सकाळी ११:४२.

२०१६ ची गोष्ट. मी अडतीसची, थोरली नऊची, धाकटा पाचचा. दिवस राहिले. नवरा आणि मी दोन रात्री बोललो आणि ठरवलं. त्या दोन रात्रींबद्दल इथे लिहिणार नाही. क्लिनिकला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, राज्य सरकारच्या वेबसाइटवर जा, तिथली सगळी पानं वाचा, शेवटी वाचल्याचा दाखला येईल त्याची प्रिंट काढा. त्यावरच्या वेळेनंतर चोवीस तासांनी या. प्रिंट विसरलात तर काही करता येणार नाही.

घरच्या प्रिंटरची शाई संपलेली. ऑफिसात हे छापायची सोय नव्हती, कारण तिथे प्रिंटरपाशी कायम कोणीतरी कॉफी घेऊन उभं असतं. मग लायब्ररीत गेले. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक आजोबा टॅक्सचे फॉर्म भरत होते आणि मी माझ्या स्क्रीनवर गर्भाची आठवड्यांनुसार चित्रं बघत होते. पुढे गरोदरपणातल्या काळजीची माहिती, पालकत्वाची माहिती. मी दोन बाळंतपणं केलेली बाई. माझ्या पोटात काय असतं ते मला सरकारने दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट सव्वाअकराची होती. अर्धा दिवस रजा, नवरा कामासाठी मेक्सिकोला, धाकट्याला शाळेतून आणायला मंडळातल्या एका मैत्रिणीला सांगितलेलं (दाताचं काम आहे असं सांगून). काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितला, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, सत्तावीस मिनिटं कमी आहेत. बसते म्हटलं. तर डॉक्टर बाराला निघतात आणि आधीच्या दोघी आहेत. पुढची वेळ थेट पुढच्या गुरुवारी. त्या बाई खरोखर ओशाळल्या होत्या. चूक त्यांची नव्हती, वेळ चुकली तर लायसन्सवर येतं.

मी गाडीत येऊन बसले आणि हसू आलं. रडू नंतर आलं.

या सगळ्याला इथे कायद्याच्या भाषेत 'माहितीपूर्ण संमती' म्हणतात. मला एवढंच विचारायचंय की माझी संमती त्या कागदात नेमकी कुठे होती? भारतात हे कसं चालतं? पुण्यात माझ्या आतेबहिणीने एका फॉर्मवर सही केली आणि पाच मिनिटांत झालं, असं ती सांगते. डॉक्टर-वकील मंडळींनी लिहा. उपदेश नकोत.

---

टोच्या

बापरे. सत्तावीस मिनिटं! लायब्ररीत दहा सेंट पानाचे घेतले असतील ते वेगळेच.

---

कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं प्रॅक्टिस. तुमच्या आतेबहिणीने सही केली तो फॉर्म सी. एमटीपी कायद्याच्या, म्हणजे आपल्या गर्भपात कायद्याच्या, नियमांतला. अमुकची मुलगी किंवा पत्नी, वय, पत्ता, मी माझ्या गर्भपाताला संमती देते, तारीख, जागा, सही. पाच ओळींत संपतो. चित्रं नाहीत, घड्याळ नाही. अठरा वर्षांवरच्या, मानसिक आजार नसलेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची लागत नाही, सासूची नाही, आईचीही नाही.

हे कायद्याचं झालं. आता आमचं सांगतो. बाई क्युरेटिंगला आली की माझ्या तोंडून पहिला प्रश्न जातो, "यजमान कुठेत?" सवयीने. फॉर्मच्या मागच्या बाजूला नवऱ्याची सही घेतो. त्याला कायद्यात आधार नाही, मला माहीत आहे. पण उद्या भाऊबंद दवाखान्यासमोर येऊन उभे राहिले तर फॉर्म सी दाखवून ते जाणार नाहीत. काच फुटल्यावर कायदा समजावून काय उपयोग? तेव्हा तुमच्या सरकारने चोवीस तास लावले, आमच्याकडे नवरा लावला. कमी त्रासाचं कुठलं, तुम्ही ठरवा.

---

जुईली

डॉक्टर, प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण मला हे वाचून रागच आला. तुमच्या दवाखान्याची काच वाचावी म्हणून तिने नवऱ्याला आणायचं?

---

कलम_किती (पुणे)

जुईलीच्या रागाला सर्वोच्च न्यायालयाचा पाठिंबा आहे. २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल, न्या. चंद्रचूड यांचं खंडपीठ. अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ मिळतो म्हणून तो गाजला, पण त्यातच हेही म्हटलंय की कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती वगैरे, डॉक्टरांनी लावू नयेत. त्याआधी २००८ चा समीरा कोहली निकाल आहेच. बाई भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. ती संमती कोर्टाने चालवली नाही. सज्ञान माणूस शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा आणि त्यालाच विचारा.

अमेरिकेबद्दल थोडं, कारण मला त्यातच जास्त रस. हे चोवीस तास मिशिगनने शोधलेले नाहीत. ओहायोतल्या ॲक्रन शहराने असाच नियम केला होता आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उडवला. तेव्हा कोर्टाने म्हटलं की ही यादी संमतीसाठी नाही, बाईने बेत रद्द करावा म्हणून आहे. १९८६ ला पेनसिल्व्हेनियाचा असाच कायदा उडवला. मग न्यायाधीश बदलले. १९९२ ला पुन्हा पेनसिल्व्हेनियाच आली, 'प्लॅन्ड पेरेंटहुड विरुद्ध केसी'. केसी म्हणजे तिथले गव्हर्नर, आणि ते डेमोक्रॅट होते हे अनेकांना ठाऊक नसतं. या वेळी कोर्ट म्हणालं, माहिती खरी असेल, दिशाभूल करणारी नसेल, तर राज्याने ती द्यायला लावली आणि चोवीस तास थांबवलं तरी हा 'अवाजवी बोजा' होत नाही. नऊ वर्षांपूर्वी जे घटनाबाह्य होतं ते चालायला लागलं. मिशिगनचा कायदा लगेच १९९३ चा. निंबोणी, तुमचा ११:४२ चा कागद थेट त्या निकालाचं नातवंड आहे.

केसीमध्ये मोठी अट पडली ती एकच: लग्न झालेल्या बाईने आधी नवऱ्याला कळवल्याचं लिहून द्यावं. मारहाण करणाऱ्या नवऱ्यांचा विचार करून ती काढली. खालच्या अपील कोर्टात एका न्यायाधीशाने मात्र ती अट ठीक आहे असं वेगळं मत लिहिलं होतं. त्यांचं नाव सॅम्युएल अलिटो. २०२२ ला रो (गर्भपात हा घटनात्मक हक्क मानणारा मूळ निकाल) आणि केसी दोन्ही मोडणारा डॉब्स निकाल यांनीच लिहिला.

---

वसईचा_वारा

मी या विषयावर सहसा लिहीत नाही, कारण माझं मत इथे बहुतेकांना आवडणार नाही. मी कॅथलिक, गर्भपात मला चूक वाटतो. तरी भांडायला आलेलो नाही. निंबोणीताई, तुमच्यावर आलेली वेळ वाईट होती आणि त्या सत्तावीस मिनिटांचं समर्थन कोणी करू नये.

पण तत्त्व म्हणून बघा. आपण फ्लॅट घेताना करार घरी नेऊन वाचतो. माझ्या बायपासच्या आधी डॉक्टरांनी अर्धा तास धोके सांगितले आणि दोन दिवस विचार करा म्हणाले. मागे घेता येणार नाही अशा गोष्टीआधी पूर्ण माहिती आणि एक रात्र, एवढं मागितलं तर बाईचा अपमान कसा? उलट तिच्या निर्णयाला वजन दिलं असं मला वाटतं.

---

निंबोणी

वसईचा_वारा, शांतपणे लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे दोन दिवस डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून दिले. दुखत असतं तर त्याच रात्री टेबलावर घेतलं असतं. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. मी दोन रात्री आधीच घेतल्या होत्या, त्या मोजल्या जात नाहीत. घड्याळ प्रिंट काढल्यापासून सुरू होतं.

---

पेकानवाली (ह्यूस्टन)

वाचत होते, आता राहवत नाही. टेक्ससमध्ये एका क्लिनिकमध्ये मी सोनोग्राफर होते, २०११ चा सोनोग्राम कायदा लागू झाला तेव्हाही. फेडरल न्यायाधीशांनी आधी त्याचा बराच भाग अडवला होता, जानेवारी २०१२ मध्ये अपील कोर्टाने तो चालू करायला परवानगी दिली.

कायदा असा: गर्भपाताआधी किमान चोवीस तास सोनोग्राफी. पडदा बाईला दिसेल असा ठेवायचा. हृदयाचे ठोके ऐकू येतील असे लावायचे. आणि डॉक्टरने जे दिसतंय त्याचं तोंडी वर्णन करायचं, आकार किती, हातपाय दिसतात का. तिने सही करून बघायला नकार देता येत होता, ऐकायलाही. वर्णनातून मात्र सुटका नव्हती. बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार, गर्भात गंभीर दोष, असं काही लेखी दिलं तरच. जवळचं क्लिनिक शंभर मैलांहून लांब असेल तर चोवीसचे दोन तास व्हायचे. म्हणजे लांबून येणारीला विचार करायला दोन तास पुरतात, ह्यूस्टनमधलीला पुरत नाहीत, असं काहीतरी विधिमंडळाला वाटलं असावं.

एक मुलगी आठवते. पडदा नको म्हणाली, ठोके नको म्हणाली. डॉक्टर तिच्या उशाशी बसून हळू आवाजात वर्णन वाचायला लागल्या. तिने डोळे मिटले आणि छताकडे तोंड करून गाणं म्हणायला सुरुवात केली, मोठ्याने. डॉक्टर थांबल्या. मग ती थांबली. डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, तिने पुन्हा. असं तीनदा झालं. शेवटी डॉक्टर तिच्या गाण्यावरच वाक्यं पूर्ण करून उठल्या. ऐकलंच पाहिजे असं कायद्यात नव्हतं, बोललंच पाहिजे असं होतं.

माझं सासर सांगलीचं. दीर रेडिओलॉजिस्ट. त्यांच्या केंद्रात भिंतीवर पाटी, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही', आणि प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरल्याशिवाय प्रोब उचलायचा नाही. भावोजी सोनोग्राफी करताना तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, उगाच कोणी हसण्याचा अर्थ काढायचा. मी त्यांना टेक्ससचं सांगितलं तर म्हणाले, वहिनी, एकच मशीन, इथे बोललो तर तुरुंग आणि तिथे नाही बोललात तर लायसन्स!

---

टोच्या

भावोजींचं वाक्य लय भारी.

---

जुईली

मग ते क्लिनिक अजून आहे का?

---

पेकानवाली

नाही. ऑगस्ट २०२२ पासून टेक्ससमध्ये गर्भपात जवळपास पूर्ण बंद. आता संमतीच कशाला हवी? मी हल्ली थायरॉइड आणि पित्ताशय बघते.

---

कलम_किती

वसईचा_वारा यांनी तत्त्व मांडलं, त्यावर एक. केसीमध्ये अट होती की माहिती खरी असावी. आता राज्यं काय सांगायला लावतात ते बघा. टेक्ससच्या पुस्तिकेत गर्भपात आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध जोडलेला होता. २००३ सालीच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने शंभरावर तज्ज्ञ बोलावून असा कार्यकारण संबंध नाही असं जाहीर केलं होतं. साउथ डकोटात २०२२ ला गर्भपात बंद होईपर्यंत डॉक्टरांना आत्महत्येच्या वाढीव धोक्याबद्दल सांगावं लागायचं, अपील कोर्टाने २०१२ ला ते मान्य केलं. तिथे थांबायचे तास बहात्तर होते, आणि त्यात शनिवार-रविवार धरत नसत. मोठा वीकेंड आला तर मोजा.

ॲरिझोनाने २०१५ ला नवीन काढलं: पहिली गोळी घेतल्यावरही गर्भपात 'उलटवता' येऊ शकतो असं सांगा. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात यावर नीट अभ्यास सुरू केला. बारा जणी घेतल्या आणि तिघींना इतका रक्तस्राव झाला की रुग्णवाहिकेने हलवाव्या लागल्या. अभ्यास बंद केला. म्हणजे ज्याला पुरावा नाही ते कायद्याने 'माहिती' झालं.

आणि गंमत पुढे आहे. कॅलिफोर्नियाने उलटा कायदा केला. गर्भपातविरोधी संस्था गरोदर बायकांसाठी जी केंद्रं चालवतात, त्यांपैकी लायसन्सवाल्यांनी पाटी लावावी की राज्यात स्वस्तात गर्भपाताची सोयही आहे. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं, ही बोलण्याची सक्ती आहे, चालणार नाही. मग डॉक्टरांना वाचून दाखवायची सक्ती? ते म्हणे व्यवसायाचं नियमन.

---

वसईचा_वारा

खोटी माहिती कोणीच देऊ नये. कर्करोगाचं मला ठाऊक नव्हतं, ते चूकच. तरी एक विचारतो, खरी माहिती तटस्थपणे दिली आणि तास वगैरे काढले, तर तुम्हाला चालेल का? की सांगणंच नको?

---

निंबोणी

सांगा ना. धोके सांगा, दुसरे पर्याय सांगा, मी विचारीन त्याचं उत्तर द्या. डॉक्टर ते कुठल्याही ऑपरेशनला सांगतात. मला सांगणारी माझी डॉक्टर हवी. त्या लायब्ररीत मला कोणी काही सांगितलं नाही. विधिमंडळाने १९९३ ला ठरवलेली यादी मी वाचली आणि वाचल्याची पावती घेतली. बरं, २०२२ ला इथे लोकांनी मतदान करून हा हक्क राज्यघटनेत घातला, २०२३ ला नवीन कायदा झाला, तरी चोवीस तास त्यातून निघाले नाहीत कारण सत्ताधारी पक्षातल्याच एका आमदार बाईंचं मत मिळेना. शेवटी कोर्टात जावं लागलं.

---

कृष्णाकाठ

रात्रीचे साडेअकरा. एक डिलिव्हरी झाली, दुसरीची वाट बघतोय, म्हणून लिहितो.

जुईली यांनी कान उपटले ते योग्यच. पण मी थांबवतो तेही सांगितलं पाहिजे, म्हणजे वसईच्या मित्रालाही काही मिळेल.

सात-आठ वर्षांपूर्वी एक पोरगी आणली होती. एकवीस-बावीसची, नऊ आठवडे. सोबत सासू, चुलत सासू, नवरा. तिघेही बोलत होते, ती बोलत नव्हती. नाव विचारलं तर सासूने सांगितलं. फॉर्म सी पुढे केला तर पेन नीट धरून सही केली. कायद्याने सगळं झालं होतं. पाच ओळी भरल्या, सही आहे, माझं कवच पूर्ण.

मी म्हटलं, रक्त कमी दिसतंय, तपासणीचा रिपोर्ट उद्या येईल, तोवर करता येत नाही. खोटं होतं. हिमोग्लोबिन अकराच्या वर होतं. सासू चिडली, गाडीभाडं पुन्हा कोण देणार म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली ती तिच्या आईबरोबर. तेव्हा बोलली. पहिलं मूल आठ महिन्यांचं, घरात ठरलं की एवढ्यात दुसरं नको. तिला हवं होतं. मी नाव काढून टाकलं. पुढे बाळंतपण माझ्याकडेच झालं.

आता मला सांगा, हे चोवीस तासच की नाही?

---

जुईली

डॉक्टर, तुम्ही तिच्याकडे बघितलंत. कायद्याला डोळे नसतात ना.

---

कलम_किती

आणि तेच चोवीस तास सक्तीचे असते तर दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर आली नसती, त्या तिघांबरोबरच आली असती, कारण तारीख सगळ्यांना माहीत असती.

अवांतर, पण डॉक्टरांच्या 'कवच' शब्दावरून. आपला कायदा खरं तर तसाच लिहिलाय. १९६४ ला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह, तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. त्यावरून १९७१ चा कायदा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. अमेरिकेतला रो निकाल जानेवारी १९७३ चा, म्हणजे आपण आधी. पण आपल्याकडे बाईला हक्क दिला नाही. डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यातून सूट दिली, त्याचं 'मत' झालं तर. २४ आठवड्यांच्या पुढे तर मेडिकल बोर्ड, आणि तिथे किती दिवस जातात ते उच्च न्यायालयात धावपळ केलेल्यांना विचारा. घड्याळ आपल्याकडेही आहे, फक्त भिंतीवर लावलेलं नाही.

---

वसईचा_वारा

डॉक्टर, तुम्ही त्या मुलीला वाचवलंत. बाळालाही. माझं मत बदललेलं नाही, पण मी जे मागत होतो ते कायद्याने मिळणार नाही असं आता वाटायला लागलंय. उद्या पहाटे उठायचंय, इथे थांबतो. निंबोणीताई, त्या गुरुवारी कोणी सोबत होतं का?

---

निंबोणी

होती. तीच मैत्रीण. दाताचं काम दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाली, मला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण गाडी मी चालवते. वाटेत थर्मासमधून चहा दिला. आलं फार घातलं होतं.

---

कृष्णाकाठ

तीन दिवसांनी धागा वर काढतोय. आज एक बाई एकटी आली, सात आठवडे. ठरवून गेलो होतो, "यजमान कुठेत" विचारलं नाही. तिने फॉर्म सी वाचला, सही केली, मागची बाजू कोरी ठेवली.

बाहेर पडली तर आमच्या रिसेप्शनच्या मावशींनी विचारलं, "पावणं नाय आलं व्हय संगं?"